कासदाह: कुठलं अँटिबायोटिक जंतूला कुठं लागतं, आणि कुठं नुसतंच वाया जातं

पशुवैद्य_वाळवा | सोमवार, रात्री ९:१२

कृष्णा-वारणा पट्ट्यात पावसाळा लागला, गोठ्यात ओल धरली की कासदाह (जंतूंमुळं कासेला येणारी सूज) वाढतो. मग फोनवर एकच मागणी असते, "डॉक्टर, जरा भारीतलं सोडा." भारीतलं आणि हलक्यातलं ही उतरंड किमतीवरून डोक्यात बसलेली आहे. जंतूला किमतीचं काही पडलेलं नसतं. औषध जंतूच्या कुठल्या भागावर बसतं, तो भाग या जंतूत आहे का आणि औषध कासेत तिथवर पोचतं का, एवढ्या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. म्हणून हा धागा. गटवार मांडतो. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

पहिला गट भिंत पाडणारा. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन आणि सगळी सेफालोस्पोरिनं यात येतात. जंतूच्या आत दाब मोठा असतो. बाहेरून पेप्टिडोग्लायकनची जाळी आवळलेली असते म्हणून तो फुटत नाही. या जाळीच्या धाग्यांना आडवे टाके घालायला एक एन्झाइम असतं. पेनिसिलिन त्या एन्झाइमच्या जबड्यात जाऊन अडकतं ते कायमचंच. टाके पडायचे थांबतात, जुनी जाळी उसवायचं काम मात्र चालूच राहतं, आणि जंतू वाढायला गेला की फुटतो. म्हणजे जो जंतू वाढतच नाही, गाठीत दबा धरून बसला आहे, त्याला हे औषध जवळपास लागत नाही. या गटात डोस किती मोठा यापेक्षा औषधाची पातळी किती तास टिकली याला महत्त्व. साधं प्रोकेन पेनिसिलिन आज सकाळी आणि मग थेट परवा दिलं, तर मधल्या काळात जंतू पुन्हा उभे राहतात.

दुसरा गट जंतूचा प्रथिनांचा कारखाना, म्हणजे रायबोझोम, बंद पाडणारा. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही ३०एस या भागावर बसतात आणि वाचनातच चूक घडवतात. चुकीची प्रथिनं तयार होऊन जंतूचं आतलं पटल गळायला लागतं. टेट्रासायक्लिनही ३०एसवरच बसतं, पण ते नुसता पुरवठा अडवतं. एरिथ्रोमायसिन, टायलोसिन ही मॅक्रोलाइडं ५०एसमधल्या बोगद्याचं तोंड बुजवतात.

तिसरा एन्रोफ्लॉक्सासिनचा. ओल्या कासऱ्याला पीळ देत गेलं की तो स्वतःभोवतीच गुंडाळतो. जंतूचा डीएनए तसाच पिळाचा असतो. तो पीळ सांभाळणारं एन्झाइम धागा तोडतं, दुसरा धागा पार करतं आणि पुन्हा जोडतं. औषध नेमकं तोडल्यावर आणि जोडायच्या आधी ते एन्झाइम जखडतं, त्यामुळं तुटलेली टोकं तशीच राहतात. इथं हिशोब उलटा, शिखर उंच हवं. पूर्ण डोस एकदम द्यायचा, निम्मा-निम्मा करून नाही.

चौथा सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमचा, ५ ला १ या प्रमाणात. जंतूला फॉलिक आम्ल स्वतः बनवावं लागतं, आपल्याला आणि गाईला ते खाण्यातून मिळतं. ही जोडी त्या बनवण्याच्या दोन पायऱ्या तोडते. पण पू भरलेल्या कासेत फुटलेल्या पेशींचा माल आयता पडलेला असतो, जंतू तोच उचलतो आणि औषध बाजूला राहतं. म्हणून गाठी पडलेल्या दुधात सल्फावर माझा भरवसा नाही.

---

गोठा_कडेगाव | सोमवार, रात्री ९:४०

डॉक्टर, मांडणी झकास. पण आमच्याकडं सरसकट चालतं ते असं: तीन दिवस सेफ्ट्रायॅक्सोन (सेफालोस्पोरिनच), उतार नाही तर दोन दिवस जेंटामायसिन, तरी नाही तर एन्रो. दुधात गाठी तशाच. यात चुकतं कुठं?

---

पशुवैद्य_वाळवा | सोमवार, रात्री १०:०५

पहिली चूक, जंतू कोण ते न बघता गट बदलले. दुसरी, जेंटामायसिन मानेत टोचून कासेवर इलाज होईल असं धरलं. हा रेणू विद्युतभारित आणि पाण्यात विरघळणारा असतो, रक्तातून दुधात फार थोडा उतरतो. जो उतरतो त्याला जंतूच्या आत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, आणि पू भरलेल्या कासेत ऑक्सिजनचीच वानवा. दुधात पोचत नाही, मूत्रपिंडात मात्र कित्येक महिने अंश राहतात. तिसरी चूक, कासेत सोडायची ट्यूब कुठंच दिसत नाही.

पोचण्याचं गणित सांगून ठेवतो. रक्ताचा सामू ७.४, चांगल्या दुधाचा साधारण ६.६, म्हणजे दूध जरा आंबट बाजूला. अल्कली स्वभावाची औषधं (टायलोसिन, एरिथ्रोमायसिन, ट्रायमेथोप्रिम) दुधात आली की तिथंच अडकतात, म्हणून दुधात रक्तापेक्षा जास्त साठतात. पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन, सल्फा ही आम्ल स्वभावाची, ती बाहेरच रेंगाळतात. त्यांना ट्यूबनं थेट सडातून आत घालणं शहाणपणाचं. गंमत अशी की कासदाहात दुधाचा सामू वर चढून रक्ताच्या जवळ येतो. मग मॅक्रोलाइडचा हा फायदाही कमी होतो.

---

सूक्ष्म_मिरज | सोमवार, रात्री ११:२०

प्रयोगशाळेच्या बाजूनं भर घालतो. आधी एक दुरुस्ती. टेट्रासायक्लिन नुसतं रोखतं आणि पेनिसिलिन मारतं ही विभागणी परीक्षानळीतली आहे. २४ तासांत ९९.९ टक्के जंतू मेले तर मारणारं, नाहीतर रोखणारं, एवढाच तिचा अर्थ. तेच औषध एका जंतूला मारतं आणि दुसऱ्याला नुसतं रोखून धरतं.

आता ग्राम पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस हे पॉझिटिव्ह, यांची जाळी जाड पण उघडी. ई. कोलाय, क्लेब्सिएला हे निगेटिव्ह, यांची जाळी पातळ, पण तिच्यावर आणखी एक चरबीचा पडदा आणि त्यात बारीक छिद्रं. साधं पेनिसिलिन या छिद्रांतून नीट जात नाही, अँपिसिलिन जातं. व्हॅन्कोमायसिनसारखा मोठा रेणू तर दारातच अडतो. मग महागडं व्हॅन्कोमायसिन ई. कोलायवर निकामी आणि स्वस्तातलं अँपिसिलिन कधीकधी लागू. भारीतलं कुठलं म्हणायचं?

मायकोप्लाझ्मा या जंतूला भिंतच नसते. तिथं पेनिसिलिन असो की तिसऱ्या पिढीचं सेफालोस्पोरिन, पाडायला भिंतच नाही.

प्रतिकार कसा येतो हे ताटलीवर डोळ्यांनी दिसतं. ताटलीत म्युलर-हिंटन अगारचा (जंतू वाढवायच्या जेलीचा) थर ४ मिमी. जंतूचं पाणी ०.५ मॅकफारलँड गढूळपणाचं, म्हणजे मिलिलिटरला साधारण दीड कोटीच्या दहापट जंतू. स्वॅबनं तीन दिशांनी सारखं पसरायचं, वर औषधाच्या चकत्या, ३५ अंशाला १६ ते १८ तास. चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, ते मोजपट्टीनं मोजायचं. थर जाड झाला तर वर्तुळ लहान दिसतं आणि चांगलं औषध बाद ठरतं. जंतूचं पाणी पातळ झालं तर उलटं, निकामी औषध पास होतं. निम्मे चुकीचे अहवाल या दोन जागी जन्मतात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसला पेनिसिलिनची १० युनिटची चकती लावली की वर्तुळाचा काठ बघावा. वाढ काठाशी विरळ होत गेली, चौपाटीसारखी उतरती असली तर ठीक. कड्यासारखा ताठ, धारदार काठ असला तर वर्तुळ २९ मिमीच्या वर असूनही जंतू पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवतो आहे, म्हणून अहवालात प्रतिकारकच लिहायचं. हे एन्झाइम पेनिसिलिनच्या चौकोनी कडीचा टाकाच उसवतं. सल्बॅक्टम, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे त्याच्यापुढं टाकलेलं आमिष: एन्झाइम त्यात गुंततं, अमॉक्सिसिलिन मोकळं राहतं.

पण मेक-ए जनुक आलं की आमिषाचा उपयोग संपला. टाके घालणारं एन्झाइमच बदललेलं असतं, पेनिसिलिन त्याच्या जबड्यात बसतच नाही. ते ओळखायला सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची चकती. वर्तुळ २१ मिमी किंवा कमी आलं तर नेहमीची सगळी पेनिसिलिनं आणि सेफालोस्पोरिनं बाद, ताटलीवर एखाद्याचं वर्तुळ मोठं दिसलं तरीही.

---

वारणाकाठ | मंगळवार, सकाळी ६:३५

दीड कोटीच्या दहापट म्हणजे पंधरा कोटी म्हणा की राव सरळ.

---

सूक्ष्म_मिरज | मंगळवार, सकाळी ७:०२

पंधरा कोटी. मान्य :)

---

मेडिकल_काउंटर_तासगाव | मंगळवार, दुपारी १:१५

दुकानाच्या बाजूनं दोन-तीन गोष्टी. गोठ्यात सिरिंजमध्ये काय काय एकत्र होतं ते बघून लिहितोय.

सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम एकाच नळीतून कधीही नाही. व्यालेल्या म्हशीला कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लागलेली असते आणि त्याच सेटमध्ये सेफ्ट्रायॅक्सोन ढकललं जातं. दोघं मिळून न विरघळणारे कण बनतात. नळी पांढरट झाली म्हणजे कण शिरेत निघालेच. रिंगर लॅक्टेटमध्येही कॅल्शियम असतं, विसरू नये. सेफ्ट्रायॅक्सोनची पावडर वेगळी, इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यातच विरघळवायची.

ऑक्सिटेट्रासायक्लिन कॅल्शियमला धरून बसतं. शिरेत झपाट्यानं सोडलं तर जनावर कोसळू शकतं. पातळ करून, हळू सोडायचं. लाँग ॲक्टिंग असेल तर खोल स्नायूत, एका जागी १० मिलिच्या वर नको, गाठ येते. माणसांच्या डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचंही तेच, दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलं की पोटातच बांधलं जातं.

जेंटामायसिन आणि पेनिसिलिन गटातलं औषध एका सिरिंजमध्ये भरू नये, एकमेकांना निकामी करतात. जनावराच्या अंगात मात्र दोन्ही वेगवेगळी दिली तर जोडी जमते.

शेड्यूल एच-१ ची (कायद्यातल्या कडक नियंत्रणाच्या यादीतली) औषधं १ मार्च २०१४ पासून नोंदवहीशिवाय देता येत नाहीत. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहून वही ३ वर्षं जपावी लागते. "चिठ्ठी उद्या देतो" यावर काउंटरवर रोज एक वाद ठरलेला.

---

गोठा_कडेगाव | मंगळवार, दुपारी २:३०

जोडी जमते म्हणजे? मग पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन एकत्र दिलं तर दुप्पट फायदा का नाही?

---

पशुवैद्य_वाळवा | मंगळवार, दुपारी ४:१०

कारण पेनिसिलिनला वाढणारा जंतू लागतो, आणि टेट्रासायक्लिन वाढच थांबवतं. एकानं दार उघडायचं आणि दुसऱ्यानं ते लावून घ्यायचं. माणसांच्या न्यूमोकॉकल मेंदूज्वरात १९५१ साली हे पुढं आलं होतं: नुसतं पेनिसिलिन दिलेल्यांपेक्षा दोन्ही दिलेले जास्त दगावले. उलट पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीत पहिलं भिंतीला भगदाड पाडतं आणि दुसरं त्यातून आत शिरतं.

---

डेअरी_केमिस्ट_पलूस | मंगळवार, रात्री ८:५०

दुधाचं बोलायला कुणी आलं नाही म्हणून मी.

दुधात पेनिसिलिनची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम. गणित करा. एका धारेत १० मिलिग्रॅम पेनिसिलिन उतरलं, तर ते मर्यादेत आणायला अडीच हजार लिटर स्वच्छ दूध लागेल. म्हणजे एका गाईची एक धार संकलन केंद्राचा सगळा टँक बाद करू शकते. "माझं दहा लिटर, त्यात काय" हे म्हणूनच चालत नाही. उकळूनही फार फरक पडत नाही. विरजणातले स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस पेनिसिलिनला फार नाजूक, दही लागतच नाही किंवा पाणचट लागतं. घरी दही बिघडलं की पहिला संशय विरजणावर घेतात. तो कधीकधी ट्यूबवर घ्यायला हवा.

चाचणी दोन प्रकारची. पट्टी काही मिनिटांत सांगते, पण नेहमीची पट्टी पेनिसिलिन गट आणि टेट्रासायक्लिन एवढंच बघते. एन्रो दिलेलं दूध तिच्यातून खुशाल निघून जातं. दुसरी कुपीतली: अगारमध्ये उष्णता सोसणाऱ्या जिओबॅसिलसचे बीजाणू आणि जांभळा रंग. ०.१ मिलि दूध घालून ६४ अंशाला सुमारे तीन तास. जंतू वाढले की आम्ल होऊन कुपी पिवळी पडते, दूध स्वच्छ. जांभळीच राहिली तर दुधात काहीतरी आहे. उष्णता दोन अंश जरी कमी पडली तरी पिवळं व्हायला उशीर होतो आणि चांगलं दूध फुकट बाद होतं. चीक किंवा पेशी वाढलेलं दूध असलं तरी खोटा जांभळा रंग येतो, त्यात जंतूला रोखणारे नैसर्गिक घटक असतात म्हणून.

आणि दूध कधीपासून घालायचं ते बाटलीवरच्या लेबलवर असतं. लेबलवर काळ दिलेला नसेल तर नियमानं दुधाला किमान ७ दिवस आणि मांसाला २८ दिवस. चार सडांपैकी एकातच ट्यूब घातली तरी चारही सडांचं दूध बाजूला ठेवायचं, कारण औषध रक्तात जाऊन इतर सडांत उतरतं.

---

वारणाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

हे सगळं खरं, पण कल्चरला (नमुन्यातला जंतू ताटलीवर वाढवून बघायला) दोन दिवस लागतात. तापानं फणफणलेली गाय दोन दिवस बसून राहील का?

---

पशुवैद्य_वाळवा | मंगळवार, रात्री १०:४५

नाही, आणि तिनं राहायचंही नाही. कासदाहाची तीव्रता पाहून फाटे फोडायचे.

फक्त दुधात गाठी, कास मऊ, गाय चरते-रवंथ करते: नमुना घ्या आणि २४ तास थांबा. काही बिघडत नाही. या केसेसमध्ये बऱ्याचदा ताटलीवर काहीच उगवत नाही, गाईनं जंतू आधीच संपवलेला असतो, आणि अँटिबायोटिक वाचतं.

गाय बसली, ताप आहे, दूध ताकाच्या निवळीसारखं पिवळट पाणी: बहुतेक ई. कोलाय. लक्षणं दिसेपर्यंत दुधातले जंतू कमीही झालेले असतात, मारतंय ते त्यांच्या पडद्यातलं विष. इथं खरं औषध म्हणजे द्रव. ७.२ टक्के मिठाचं सलाइन वजनाच्या किलोला ४ ते ५ मिलि शिरेतून, लगेच पुढं पाण्याची घमेली, २० ते ४० लिटर. पीत नसेल तर नळीनं पोटात. सूज-ताप उतरवायला मेलॉक्सिकॅम किलोला ०.५ मिग्रॅ. कास वारंवार मोकळी करायची. अँटिबायोटिक द्यायचं ते जंतू रक्तात उतरू नयेत म्हणून, नमुना घेऊन लगेच.

वारंवार तोच सड, दूध कमी, कासेत गाठ हाताला लागते: बहुतेक स्टॅफ ऑरियस. तो पेशींच्या आत आणि गाठीत लपतो, चिकट थर विणतो. दुभत्या काळात त्याच्यामागं ट्यूबांवर ट्यूबा ओतण्यात अर्थ कमी. गाय आटवताना (धार बंद करताना) चारही सडांत बेंझाथीन क्लॉक्सासिलिनची आटवणीची ट्यूब, एका सडाला एक अख्खी. आटवणीची ट्यूब दुभत्या गाईला चुकूनही नाही, दुधात आठवडे अंश येतात. तरी न हटणारा सड असेल तर ती गाय शेवटी पिळायची किंवा काढायची, हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए निघाला तर मात्र नशीब. साधं पेनिसिलिन, ट्यूबनं, आणि बहुतेकदा काम फत्ते.

वजनाचंही सांगतो, कारण डोस तिथंच चुकतो. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. ७२ चा घेर, ६० ची लांबी: ४७१ किलो. एन्रो किलोला ५ मिग्रॅ धरलं तर २३५५ मिग्रॅ, १० टक्के द्रावणाचे साडेतेवीस मिलि. गोठ्यात डोळ्यांच्या अंदाजानं १० मिलि मारलं जातं. त्यात जंतू मरत नाही, शिकून शहाणा होतो. आणि एन्रो हे पहिल्या दिवशी उचलायचं औषध नाही.

---

मेडिकल_काउंटर_तासगाव | मंगळवार, रात्री ११:००

सेफ्ट्रायॅक्सोनही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते माणसांसाठी जपून वापरायच्या गटात आहे, अमॉक्सिसिलिन सहज वापरायच्या. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर जुलै २०१९ पासून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना आपल्या देशात बंदच आहे. कुणी जुन्या साठ्यातलं पुढं केलं तर घेऊ नका.

---

गोठा_कडेगाव | बुधवार, सकाळी ७:२०

मग नमुना कसा घ्यायचा ते एकदा नीट लिहा. आमच्याकडून गेलेल्या नमुन्याला "मिश्र वाढ, पुन्हा पाठवा" असं उत्तर येतं.

---

सूक्ष्म_मिरज | बुधवार, सकाळी ८:०५

मिश्र वाढ म्हणजे दुधाऐवजी शेणाचा नमुना आला.

अँटिबायोटिकच्या आधी, धारेच्या आधी. कास ओली करू नका. धुतलीच तर पूर्ण पुसा, टपकतं पाणी थेट बाटलीत जातं. पहिल्या तीन-चार धारा भांड्यात सोडा, जमिनीवर नाही. ७० टक्के अल्कोहोलचा कापूस सडाच्या तोंडावर घासा, कापूस पांढरा निघेपर्यंत. पुसताना पलीकडचे सड आधी, नमुना घेताना अलीकडचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला हात किंवा बाही लागत नाही. अल्कोहोल वाळू द्या. निर्जंतुक नळी आडवी धरा, झाकण करंगळीत, आतली बाजू खाली. पाच मिलि पुरे. नळीचं तोंड सडाला टेकवू नका. लगेच बर्फात.

कुठला सड हे कळत नसेल तर आधी कपड्याच्या पावडरचं ३ टक्के पाणी करा, १०० मिलिला ३ ग्रॅम. चारही सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत, तेवढंच हे पाणी, पंधरा-वीस सेकंद फिरवायचं. ज्या वाटीत शेंबडासारखी तार सुटेल तो सड. पेशी फुटून त्यांचा डीएनए बाहेर येतो, तीच ती तार. औषध कुठलं हे ही वाटी सांगत नाही.

नमुना शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात विचारून पाठवता येतो. पेठ नाक्यावरून शिरवळ हायवेवरच आहे. २४ तासांत, थंड पोचला पाहिजे.

---

वारणाकाठ | बुधवार, सकाळी ८:४०

रविवारी घेतलेला नमुना फ्रीझरमध्ये ठेवला तर?

---

सूक्ष्म_मिरज | बुधवार, सकाळी ९:१५

स्टॅफिलोकॉकस टिकतो. उलट गोठल्यानं पेशी फुटून आत लपलेला बाहेर येतो, कधीकधी जास्तच उगवतो. ई. कोलाय मात्र गोठवल्यानं कमी होतो, तेव्हा ताटली रिकामी आली तर लगेच निष्कर्ष काढू नका. बर्फ वितळून पुन्हा गोठवू नका. चिठ्ठीवर गाईचा बिल्ला क्रमांक, पुढचा डावा की मागचा उजवा सड, आधी काय दिलं असेल ते, आणि ठळक अक्षरांत "गोठवलेला".